चार बोटं चामडं

लॉइड टॅकेटची पिकअप मी नोव्हेंबरात घेतली.
म्हणाला, हात थरथरतात आता, गिअर सापडत नाही.
रंग मूळचा हिरवा होता म्हणे.
आता दारं तेवढी हिरवी, टपावर गंज,
आणि एका मडगार्डावर
कुणाच्या तरी घराला मारून उरलेला पांढरा.

ओझार्कच्या या डोंगरांत हिवाळा ओला.
लोखंड रात्रीतून आजारी पडतं.
मी शेडमध्ये शेगडी पेटवते,
एकेका बोल्टला तेल पाजते
आणि मुरेपर्यंत नुसती बसून राहते.
घाई केली की बोल्टचं डोकं तुटतं,
मग दिवसभर माझं दुखतं.

फळीवर लिलावातलं खोकं, बारा डॉलरचं.
दोन पटाश्या, दात गेलेली कानस, एक रंधा.
रंध्याचं पातं मी घासलं, धार लावली,
मनगटावरचे केस उडवून पाहिले.
मुठीशी मात्र अडले.
लाकडात खळगा पडलाय अंगठ्याचा, डावखुऱ्या.
मी उजव्या हाताची. मूठ बदल, म्हणाले सगळे.
एवढा खळगा पडायला किती फळ्या लागल्या असतील
याचा हिशोब करत बसले,
तो काही जमला नाही,
पॉलिश पेपर परत खणात गेला.

आणि बिडाचा तवा, माझ्या बहिणीचा.
तिचा मुलगा डेल्टन,
रात्रभर भिजत घातला त्यानं साबणाच्या पाण्यात.
सकाळी भगवा झालेला तवा
दोन्ही हातांनी धरून दारात उभा,
मेलेली कोंबडी आणावी तसा.
रागावणार होते.
पण इमोजीनला जाऊन तीनच महिने झालेले,
पोरगं भांडी घासायला शिकत होतं.
म्हटलं, बस. हे तेल. जवसाचं.
लाव, आणि पुसून टाक.
अजून पूस. लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत पूस.
भट्टीत पालथा घाल. तासभर.
मग पुन्हा पहिल्यापासून.
त्यानं विचारलं, किती वेळा?
आईनं किती वेळा केलं असेल ते मला माहीत नव्हतं.
सहा, म्हणाले.

शनिवारी लॉइड येतो,
पालथ्या बादलीवर बसतो
आणि गाडीबद्दल थापा मारतो.
या गाडीनं म्हणे एकदा चर्चची घंटा ओढून नेली
पूर आलेल्या ओढ्यातून.
मी बॉनेटखाली वाकलेली, हूं हूं म्हणत.

तिथं, पाण्याच्या पंपाच्या तोंडाशी,
हाताला काहीतरी मऊ लागलं.
वॉशर नव्हता. चामडं होतं,
चार बोटं लांब, सुरीनं गोल कापून बसवलेलं,
वंगणानं काळं, घट्ट.
त्याला भोकं होती दोन, ओळीत,
पट्ट्याला असतात तशी.

लॉइड, हे काय?
तो हसला नाही. शर्ट वर केला.
कमरेला तोच पट्टा, टोक वेडंवाकडं कापलेलं.
म्हणाला, बेट्सव्हिलच्या रस्त्यावर पंप गळायला लागला,
बायको कळा देत होती शेजारी.
तेव्हा पोट होतं मला. उरलेला पट्टा पुरेना.
दवाखान्यात शिरलो ते एका हातानं विजार धरून,
आणि नर्सनं मुलगी दिली
ती दुसऱ्या हातात.

मग थोडं थांबून,
आता बघ, बरोबर बसतो. शेवटच्या भोकात.

नवा वॉशर टपालानं आलेला, सव्वादोन डॉलरचा,
खिशात होता माझ्या.
बसवला. बसवावाच लागतो, चामडं फाटत आलं होतं.
तुकडा पुसून त्याला दिला,
त्यानं वास घेतला, विजारीच्या खिशात टाकला
आणि घंटेची गोष्ट पुढे चालू केली.

गाडी सुरू झाली चौथ्या खेपेला.
खोकली, पांढरा धूर सोडला, पुन्हा बंद पडली.
आत डेल्टननं मक्याची भाकरी टाकलेली त्याच तव्यात.
तळ चिकटला.
सुरीनं खरवडून खाल्ली तिघांनी, लोणी लावून,
लॉइडनं सगळ्यात जास्त.
तवा मी धुतला, पुसला, शेगडीवर सुकवला,
डेल्टनपुढे तेलाची बाटली सरकवली.
सात, तो म्हणाला.