मताचं मोल

सरजेकोटात होड्या झावळांनी शाकारल्यात.
जुलै आहे, बंदी आहे.
मी मांगरात बसून
जाळ्याचे तुटके आस सांधतोय.

डाव्या हाताला सोसायटीची कचेरी, तिथं दूरदर्शन.
उजव्या हाताला पास्कूचं हॉटेल, तिथं केबल.
राष्ट्रपतीची मतमोजणी
मला दोन कानांनी दोन वेळा कळते.

मोजणी अकराला,
पास्कूकडे आठपासून ढोल.
सहा चौकटींत सहा तोंडं एकदम सुटलेली,
लिलावात सुरमईची पाटी उतरावी तशी.
पेटी उघडायच्या आधी
उमेदवाराच्या आजोळी पेढे वाटून झाले,
न्याहारीचा उपमासुद्धा दाखवून झाला.

डावीकडची बाई
लग्नपत्रिका वाचावी तसं वाचते.
पहिली फेरी. मग सतार.
मग अर्धा तास गांडूळखत.
सेक्रेटरी दाजी कोयंडे खुर्चीतच पेंगले.
चौघांनी पक्षाबाहेर मत टाकलं
हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.
ते पास्कूकडून कळलं.
ओरडून, पण कळलं.

मधेच मात्र तीच म्हणाली,
नैऋत्येचा वारा ताशी पंचावन्न,
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.
जायचं नव्हतंच.
तरी सुई थांबली माझी.
सकाळपासून पहिल्यांदा कुणी आमच्याशी बोललं.

दाजी जागे झाले नि सांगू लागले,
आपल्या आमदाराच्या एका मताचं मोल
एकशे पंच्याहत्तर.
"किलोक?" भिवा तारीनं विचारलं.
हसलो सगळे, दाजी नाही.
हजार माणसांमागे एक, ते म्हणाले,
आणि माणसं एकाहत्तरच्या खानेसुमारीतली.

म्हणजे भिवा त्यात आहे,
सात वर्षांचा, उघडाबंब, वाळूत.
त्याचा बुडालेला भाऊसुद्धा आहे.
मी नाही. माझा जन्म नंतरचा.

"मगे आमच्या आमदारान
मत खंय टाकल्यान?"
भिवानं आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं.
डावीकडं बँड वाजत होता.
उजवीकडं सहाही तोंडं
अंदाज सांगत होती, सहा.
चिठ्ठी गुप्त असते रे, दाजी म्हणाले.

पास्कूनं आवाज बारीक केला,
उधारीची वही काढली.
भिवा अजून तिथंच उभा,
एकाहत्तर सालचा,
माझ्या जाळ्याचं टोक धरून.