डुबकी क्रमांक एक

सावद्याला, मोटार रिवाइंडिंगच्या माझ्या दुकानात,
जळालेल्या वार्निशच्या वासात
मी तो खोका उघडला.
पाण्याखालचा संगणक. दिसायला घड्याळ,
सात हप्त्यांचं, दोन भरून झालेलं.
मनगटावर बांधलं तर हात दुसऱ्या कुणाचा वाटला.

आधी त्यानं भाषा विचारली.
जर्मन होती, जपानी होती,
आपली नव्हती.
मग तारीख, मग वेळ,
मग मीटर की फूट?

आमच्याकडे विहीर परसात मोजतात.
हात वर करून उभा राहिलेला माणूस, तो एक परस.
बोरोल्यांची सहा परस, वराड्यांची नऊ,
आणि त्या नवाच्या तळाशी, उपसा झाला की,
तात्या गाळ काढायला उतरायचे
कमरेला दोर बांधून.
यादीत परस नव्हता.
मी मीटर दाबलं.

हवेत प्राणवायू किती टक्के? एकवीस.
तात्यांची टक्केवारी म्हणजे कंदील.
दोरीनं आधी तो सोडायचा, सावकाश.
जळत राहिला तर उतरायचं,
मिणमिणला तर काठावर बसून राहायचं,
मालक कितीही बोंबलला तरी.

मग विचारलं, जपून किती?
तीन पायऱ्या होत्या.
वय शेहेचाळीस, डावा गुडघा कुरकुरतो,
मालवणच्या पोरानं शिकवताना सांगितलं होतं,
ताई, इथं लाजायचं नाही.
सगळ्यात जपूनची पायरी घेतली.
मग एक उतरले.
मग परत चढले.

खोलीचा भोंगा अठरा मीटरवर.
म्हणजे साधारण नऊ परस. दोनदा हिशेब केला.

पाणी खारं की गोडं?
खारं, मी म्हटलं, आणि दुकानात हसले एकटीच,
कारण इथून समुद्र म्हणजे
एक रात्र, एक दिवस आणि उलटीची गोळी.

हेमराज म्हणाला, मावशी, गाणे वाजतात का याच्यात?

भरलेल्या मोटारी बुडवून बघायची टाकी आहे आमची,
तिच्यात टाकलं. गप्प.
सव्वा मीटरच्या आत ते पाण्याला पाणी म्हणत नाही.
दुपारी वराड्यांकडे मोटार सोडायचीच होती,
केळीतून आत गेलो, मोटार सोडली,
आणि नायलॉनच्या दोरीला गाठ मारून
त्यालाही सोडलं मागोमाग.
सहा मिनिटं थांबलो. वराडेबुवा म्हणाले,
मासे धरता का काय?

हेमराजनं ओढलं ते बादली ओढतात तसं, हातावर हात.
दिसायच्या आधी ऐकू आलं.
अख्खी विहीर चिवचिवत होती.
वर आलं तेव्हा काचेवर एकच शब्द उघडमीट करत होता,
स्लो, स्लो.
मी हेमराजला म्हटलं, तुला म्हणतंय.

दोरीच्या गाठी सांगत होत्या आठ मीटर,
काच सांगत होती सात पूर्णांक आठ.
खाऱ्याच्या मापानं मोजलं
की गोडी विहीर वीतभर उथळ होते.
खाली एक विमान, त्याच्यावर काट,
चोवीस तास उडायचं नाही.
आपलं इमान कुठून सुटतं वो, मावशी?

वहीत नोंद पडली आहे आता.
डुबकी क्रमांक एक. सहा मिनिटं. पंचवीस अंश.
वर येण्याचा वेग: चुकीचा.
पुसता येत नाही, सगळी बटणं दाबून पाहिली.
माझ्या नावावरची पहिली डुबकी
मी मारलेलीच नाही.
तात्यांनी किती मारल्या, कुठंच लिहिलेलं नाही.
खालून दोर दोनदा हलायचा,
वरचे म्हणायचे, आहे. एवढीच नोंद.

रात्री लाइट गेली. गल्लीतले सगळे
उशा घेऊन धाब्यावर चढले, हाका मारत राहिले.
काच दाबली. विमानाचे अठरा तास उरलेले.
मी खालीच झोपले, ओसरीत.
उगाच कशाला.