पितळी टिकल्या

हॅल्सबीच्या चौकात, फरशीत, पितळेच्या टिकल्या ठोकल्या आहेत,
कोटाच्या बटणाएवढ्या.
अलीकडे गाव, पलीकडे कंपनी.
फरशी तीच, कबुतरं तीच,
मासळीचा वासही दोन्हीकडे सारखाच.

चौक कधी विकला, कुणी विकला,
धड कुणालाच सांगता येत नाही.
बाजाराच्या छपराला नगरपालिकेकडे पैसे नव्हते, एवढं आठवतं.
आणि मग एके सकाळी बाकांना मधोमध लोखंडी हात फुटले,
कुणी आडवं होऊ नये म्हणून.

विनिफ्रेड ऑल्डरॉइड दर गुरुवारी येते.
चाळीस वर्षं सुईण होती.
निम्मा चौक पहिल्यांदा तिच्याच हातात रडलाय.
तिच्या पुठ्ठ्यावर एकच ओळ:
प्रसूतिगृह कुणाच्या घशात घातलंत?

रखवालदार एमेका. भला माणूस.
"मॅडम, दोन पावलं मागं."
ती टिकलीच्या मागं होते, बोलणं मात्र तेच.
आता ते कायद्यानं मोकळं.
दोन पावलांपूर्वी ते काय होतं
ते एमेकाच्या पुस्तिकेत आहे, पान अकरा:
'ग्राहकांच्या आनंदास बाधा'.

मी किल्ल्या करून देतो, कोपऱ्यातल्या टपरीत.
माझ्या भाडेकरारात
गप्प बसा असं कुठंही लिहिलेलं नाही.
करार दर तीन महिन्यांनी नवा होईल,
एवढंच लिहिलंय.
सतरा वेळा झाला.
सतरा वेळा मी ब्र काढला नाही.

मागच्या गुरुवारी बर्फ पडला.
टिकल्या बुडाल्या.
विनिफ्रेड आली ती थेट मधोमध उभी राहिली,
आणि एमेका बुटाच्या टोकानं उकरत हिंडतोय:
इथं असावी...
नाही, इथं...
फोनमधला नकाशा गारठून मेलेला.
"दिसत नाहीये मला," तो शेवटी म्हणाला,
आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

मला ठाऊक होती.
माझ्या टपरीपासून सहावी फरशी.
रोज उंबऱ्यासारखी ओलांडतो.

म्हणालो, मलाही नाही दिसत.

बस. सतरा करारांमधलं माझं भाषण.

मग ती बोलली, वीसेक मिनिटं,
खोकत, मध्येच नावं विसरत.
खरं सांगायचं तर निम्मं मला ऐकूच आलं नाही,
वारा उलटा होता.
मासळीवाली डोरीन हात पुसत बाहेर आली.
एमेका पाठीमागे हात बांधून उभा होता,
माप द्यायला उभं राहावं तसा, ताठ,
आणि पुस्तिका त्याच्या आतल्या खिशात.

शुक्रवारी पहाटे कंपनीची माणसं मीठ घेऊन आली.
पायऱ्यांवर बर्फाची काच धरली होती,
दवाखान्याकडचा उतारही तसाच.
त्यांनी आधी टिकल्या मोकळ्या केल्या.
गुडघ्यावर बसून, एकेक,
ब्रशनं.