इसार

दिवाळीला इसार दिला. वेंगुर्ल्याचं घर, विहिरीसकट.
मिठबावकर म्हणाले, कुडाळचा ब्लॉक ताब्यात आला
की चावी तुमची. लिफ्ट तेवढी राहिलीय.

शिमगा झाला. लिफ्ट राहिलीच आहे.
माझ्या घरमालकाला मी चौथ्यांदा सांगितलं,
पुढच्या महिन्यात खोली सोडतो.

रविवारी जातो, पाहुण्यासारखा
पडवीच्या कडेला बसतो.
भांडी खोक्यात भरून झालीत केव्हाच;
काकू माझ्यासाठी एक कप सोडवतात,
धुऊन पुन्हा कागदात गुंडाळतात.
ही मोरी फोडणार का हो?
नाही म्हणतो. फोडणार आहे.

आज विहिरीपाशी त्यांनी माडाचं रोप लावलं.
धरायला सहा वर्षं, म्हणाले,
आणि कळशी माझ्या हातात दिली :
रविवारचं पाणी तुमचं.