बारा वाजता

डॅन्यूबच्या काठी, लिंत्सच्या पोलाद कारखान्यात
एकतीस वर्षं मी पगाराची पाकिटं भरली.
माणसं मला चेहऱ्यांपेक्षा आकड्यांनी ओळखीची.

गेर्नोट आणि एडेलट्राउट एकाच सोमवारी लागले,
दोघंही क्रेनवर.
तासाचा दर तोच, रात्रपाळीचा भत्ता तोच.
एकदा तर दोघांच्या पाकिटांत
शेवटच्या नाण्यापर्यंत एकच रक्कम निघाली,
मी उगाचच दोनदा मोजली.
ते लग्न करणार हे मला आधी कळलं:
रजेचे दोन अर्ज, आठवडा एकच.

मग यूडिथ झाली.

गेर्नोटच्या रकान्यात त्या महिन्यात काहीच हललं नाही.
पुढच्या वसंतात तो मुकादम झाला.
साहेब म्हणाले, लेकुरवाळा माणूस, आता जबाबदारीनं वागेल.
तिच्या रकान्यात दोन वर्षं शून्य,
नंतर अर्धी पाळी,
नंतर क्रेन गेली, भांडारातलं टेबल आलं.
कारण बालवाडी बारा वाजता सुटते
आणि वर टांगलेलं पोलाद
बारा वाजले म्हणून खाली उतरत नाही.

“दुपारी कुठे ठेवू हिला?” तिनं एकदा मलाच विचारलं,
जणू कारकुनाच्या खणात दुपारही असते.
दुसऱ्याच्या हाती लेकरू सोपवून कामावर जाणारीला
आमच्याकडे कावळीण म्हणतात.
बापासाठी पक्षी अजून सापडलेला नाही.

कुणी कुणाचं काही चोरलं नाही, हे लिहून ठेवतो.
गेर्नोट भला माणूस. रविवारची भांडी त्याची.
फक्त दर जानेवारीत वाढ मिळायची टक्क्यांत,
आणि अर्ध्याचे टक्के अर्धेच.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात
दोघं आपापल्या पेन्शनचा हिशेब घेऊन आले.
तिनं आपला कागद खिडकीच्या उजेडात धरला,
मागच्या बाजूला
उरलेली रक्कम छापली असावी तसा.
गेर्नोट टोपी हातात फिरवत राहिला.
मी चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी
हिल्डेगुंड बटाटे सोलत होती.
एके काळी ती पुलांचे आराखडे काढायची.
एकतीस वर्षांत शेकडो पाकिटं माझ्या हातून गेली,
तिचं एकही नाही.
विचारलं, मुलं व्हायच्या आधी तुला किती मिळायचे गं?

तिनं मान वर केली नाही.
लगेच सांगितलं.
शिलिंग, आणि वरचे ग्रोशनसुद्धा.