शिल्लक

सात हजार आठशे बेचाळीस डॉलर
आणि एक बटण.
इतकं निघालं यंदा
मेंढ्यांच्या लेंड्यांतून.

हसू नका.
लोकर कातरायच्या शेडखाली, फळ्यांच्या फटींतून
वर्षभर जे पडत राहतं
ते आम्ही शनिवारी रांगत जाऊन खरवडतो,
पोत्यांत भरतो, रस्त्याच्या कडेला रचतो
आणि शेजारी ठेवतो एक कुलूपबंद डबा:
पोत्याला सहा डॉलर, राखणीला कुणी नाही.
वाईहोरोच्या गुलाबांना विचारा आमचा क्लब.
फूल ना फुलाची पाकळी म्हणतात ना,
आम्ही तिच्याही जरा अलीकडून सुरुवात करतो.

बटण कुणी टाकलं, माहीत नाही.
तपकिरी, चार भोकांचं.
त्या दिवशी दोन पोती कमी होती.
ग्रेम म्हणाला, चोरी.
मी म्हणाले, चोर डबा वाजवायला थांबत नाही,
आणि वहीत जमेला धरलं.

वाटपाची बैठक जूनच्या शेवटच्या मंगळवारी,
रग्बी मैदानामागच्या खोलीत.
हीटरची एकच कांडी लाल.
बाहेर हिवाळा, आणि आमच्या दक्षिणेला
समुद्र ओलांडला की नुसता बर्फ.

अँब्युलन्सवाल्यांना दोन हजार,
थांबलेल्या छातीला हाक मारणाऱ्या
त्या यंत्राच्या बॅटरीसाठी.
घर सोडून आलेल्या बायकांच्या आसऱ्याला पंधराशे;
त्याचा पत्ता खजिनदार असून मला ठाऊक नाही,
नसावाच.
शाळेच्या तलावावर पाऊण तास वाद.
ग्रेमचा नातू सुळकन पोहतो,
नायरीची नात पाण्याला भिते,
म्हणून बाराशेवर तडजोड.
डोंगरात हरवलेल्यांना हुंगत शोधणाऱ्या
बिस्किट नावाच्या कुत्रीला पाचशे,
एकही प्रश्न न विचारता.

मग अन्नपेढी.
नायरी म्हणाली, हजार देऊ.
हात वर झाले.
अ‍ॅथॉलचा नाही.

अ‍ॅथॉल, आमच्यातला सगळ्यात सडपातळ,
म्हणून पंचवीस वर्षं शेडखाली सगळ्यात आत जाणारा.
मार्चमध्ये मांसाचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून
तो जास्तच आत जाऊ लागला होता.
गेल्या गुरुवारी चर्चच्या मागल्या दाराने
केळ्यांचं खोकं घेऊन बाहेर पडताना मी त्याला पाहिलं,
आणि लगेच चपलांच्या दुकानाच्या काचेत
डोकं खुपसलं.
दुकान तर दोन वर्षांपासून रिकामं आहे.

आता तो टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत होता.
ज्याचा हितसंबंध असेल त्याने मत देऊ नये:
आमच्याच घटनेतलं कलम,
त्यानेच एकदा ग्रेमला सुनावलेलं.

मी घसा खाकरला.
म्हटलं, उरलंय ते सगळंच अन्नपेढीला जाऊ दे.
दोन हजार सहाशे बेचाळीस.
ग्रेम म्हणाला, पुढच्या वर्षाला काही नको?
मी म्हणाले, वही कोरी बंद झालेली बरी.
असलं काही कारण नसतं;
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी हिशेबाबद्दल खोटं बोलले.
इतिवृत्तात लिहिलं: सर्वानुमते.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात,
पण आमचा पुठ्ठ्याचा धनादेश एवढा मोठा
की चौघांनी धरल्याशिवाय उभा राहत नाही.
गेल्या वर्षीचा आकडा ओल्या फडक्याने पुसला,
तरी एक आठ अंधुक राहिलाच.
‘या सगळे जवळ,’ नायरीने हाकारलं.
‘फोटो मी काढतो,’ अ‍ॅथॉल म्हणाला,
आणि कॅमेऱ्यामागे गेला.
फोटो जरा हललेला आलाय.
वर्तमानपत्राने तसाच छापला.

वही बंद केली. शिल्लक: एक बटण.

शनिवारी गवतावर पांढरं दहिवर,
शेडच्या फळ्यांवर मेंढ्यांच्या खुरांची टपटप.
मी गुडघ्यांवर बसून आत वाकले.
काहीच दिसेना.
खूप आतून, खोकल्यासकट, आवाज आला:
‘नोएलीन, आणखी एक पोतं सरकव.
इथे अजून पुष्कळ आहे.’