चौतीस सह्या

क्लायपेदा. फेरीच्या धक्क्यामागचं कॅन्टीन,
टेबलं भिंतीला सारलेली, कोबीच्या सूपाचा वास तसाच.
यादीत सोळा नावं होती.
आले चौतीस.
"एकदाच उरकून टाकू," मॅनेजर म्हणाला,
जणू लसच टोचायची होती रांगेत.

पुतळे तीन. त्यातल्या एकाची स्प्रिंग गेलेली,
कितीही दाबा, टक् वाजत नाही.
मनातल्या मनात हिशेब केला:
माणशी पाच मिनिटं,
तीही कुणी प्रश्न विचारला नाही तर.

मी शिकले तेव्हा आम्ही पाच जणी होतो.
एल्वीराबाई माझ्यामागे गुडघे टेकून बसायच्या,
माझ्या हातांवर हात ठेवायच्या.
दाबणं काय, कुणालाही येतं गं.
सोडायला शीक.
छाती पूर्ण वर येऊ दे,
रक्ताला परत यायला जागा लागते.

हे तिसऱ्या रांगेतून दिसत नाही.
तिथून दिसतो फक्त कुणाचा तरी वाकलेला स्वेटर.
म्हणून मी ओरडत राहिले, एकोणतीस, तीस, श्वास,
आणि मागे कुणीतरी हसलं
रबरी ओठांवरून.

क्रेनवाला वाइदोतास अगदी शेवटी.
कोपर वाकलेले, दाब अर्धवट.
मी पोचेपर्यंत अठरा झाले होते
आणि मॅनेजरने टाळी वाजवली.
सर्टिफिकिटं आधीच छापून आणलेली.
मी सह्या केल्या. चौतीस.
पेन एकदाही अडखळलं नाही,
हे लिहायला हवं म्हणून लिहितेय.

पुतळे पेटीत भरत होते, तर तो दारात.
"बाई, माझं चुकत होतं ना?"
हो.
"घरी आई असते." एवढंच.

पेटी पुन्हा उघडली.
त्याच्यामागे गुडघे टेकले, माझे आता कुरकुरतात.
त्याचे पंजे माझ्या हातांखाली मावेनात.
कोपर सरळ. हां. आता सोड.
अजून. पूर्ण सोड.
टक्.

दांगुओले दिवे घालवायला आली,
बादली हातात तशीच, बघत उभी राहिली.
मग एप्रनला हात पुसून
दुसऱ्या पुतळ्यापाशी बसली.
तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.
बाहेर शेवटच्या फेरीचा भोंगा झाला.
बावीस, मी म्हणत होते, तेवीस, तेवीस...

"बाई, चुकलात," ती म्हणाली.
"चोवीस झाले."